यंत्राचा नंबर माहीत नाही

ओजस, तन्वी, तुमचे आजोबा गेले हे मी तुम्हाला इंग्रजीत सांगितलं. इथे संध्याकाळ होती, तुमच्याकडे शाळेच्या बसची वेळ. फोन तन्वीने उचलला आणि मी फळ्यावर लिहावं तसं एक स्वच्छ, छोटं वाक्य बोलले. मागून तुमचा बाबा विचारत होता, कोण आहे, काय झालं... आणि तन्वीने तेच वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. मराठीत ते माझ्या तोंडून निघालं नसतं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मला ही सोय झाली आहे. जे बोलवत नाही ते त्या भाषेत मांडता येतं. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. पण याच नीटनेटकेपणाने एकदा आमच्या हातून एका माणसाचं कायमचं नुकसान झालं, आणि त्याची किंमत तुमच्या आजोबांनी शेवटपर्यंत मोजली. ते मराठीतच लिहायला हवं. सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हा मजकूर छापून आला की बाबा तुम्हाला वाचून दाखवेल.

तुम्हाला आजोबा माहीत आहेत ते रविवारच्या फोनवरचे. तिकडे बर्फ पडतोय का, विचारणारे. मी सांगते आहे ते सातपूरच्या कारखान्यातल्या वैद्य साहेबांबद्दल. यंत्रं दुरुस्त ठेवणाऱ्या विभागाचे ते प्रमुख होते. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या मोठमोठ्या प्रेस होत्या तिथे, आणि यांच्या हाताखाली आठ-दहा माणसं. नव्वदच्या आधी तिथे तक्रार करायची पद्धत फार सोपी होती. कामगार यंत्राच्या अंगावरच खडूने लिहायचा. ‘तेल गळते.’ ‘आवाज.’ ‘उशिरा थांबते.’ ज्याला लिहिता येत नसे तो बाण काढायचा, आणि तो बाण जिथे टेकला असेल तिथे दुखणं असायचं. हे रोज सकाळी सगळ्या शेडमधून चक्कर मारत, प्रत्येक यंत्र वाचत, आणि दुरुस्ती झाली की आपल्या हाताने खडू पुसत. मी म्हणायचे, तुमच्या पँटीला खडू माझ्यापेक्षा जास्त लागतो, शाळा तुमची की माझी? हसत, पण पँट झटकत नसत.

आता वाटेल की पुढे संगणक आला आणि या जुन्या माणसाला तो आवडला नाही. तसं नाही. संगणक यांनीच मागितला होता. तीन वर्षं मागितला. कोणतं यंत्र वर्षातून किती वेळा बिघडतं, कोणता भाग आधीच मागवून ठेवायला हवा, हे खडू पुसला की पुसलं जातं, असं त्यांचं म्हणणं. पन्नाशीच्या आसपास असताना कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये विशीतल्या मुलामुलींबरोबर बसून ते संगणक शिकले. ती मुलं त्यांना अंकल म्हणत आणि त्यांच्या वहीतून टिपणं उतरून घेत. अखेर संगणक आला, तेव्हा त्याच सुमारास कारखान्याला परदेशी गिऱ्हाईक मिळवण्यासाठी गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं होतं. तपासणीसाठी सगळी यंत्रं हिरव्या रंगाने रंगवली गेली. त्यांच्यावर खडूने लिहिणं बंद, तशी सूचनाच लागली. संगणकाला धूळ चालत नाही म्हणून शेडच्या टोकाला काचेची थंड खोली बांधली, पांढरी फरशी घातली आणि दारावर पाटी आली, बूट बाहेर काढावेत.

तक्रारीसाठी एक छापील चिठ्ठी असावी असं ठरलं. संगणकातलं सगळं इंग्रजीत, तपासणी करणारेही इंग्रजीत वाचणार, म्हणून चिठ्ठी इंग्रजीत. ती मी करून दिली, मुलांनो. यांनी कच्चा कागद आणला होता, त्यावर पाचच गोष्टी होत्या. मी म्हटलं, असं कसं चालेल, उद्या कोणी विचारलं तर? यंत्राचा नंबर, विभाग, पाळी, बिघाडाचं स्वरूप, बिघाड पहिल्यांदा केव्हा जाणवला, काय करताना जाणवला... मी चौदा रकाने केले. खाली एक ओळ घातली की अपुरी भरलेली चिठ्ठी स्वीकारली जाणार नाही. मला ती ओळ फार आवडली होती. परीक्षेच्या सूचनांसारखी निर्विवाद. कारखान्यात सगळ्यांनी चिठ्ठीचं कौतुक केलं आणि मोठ्या साहेबांनी माझ्यासाठी मुद्दाम पेढे पाठवले.

पहिल्या सहा महिन्यांत तक्रारी निम्म्यावर आल्या. मोठ्या साहेबांनी बैठकीत आलेख दाखवला, उतरती रेघ, आणि यांचं अभिनंदन केलं. त्या दिवशी हे घरी जेवताना म्हणाले, “मशीनं तीच, माणसं तीच. एवढी शहाणी कधी झाली गं ती?” मग शोध घेत गेले तेव्हा एकेक कळायला लागलं. सेफ्टी बुटांच्या नाड्या सोडायच्या, काचेच्या खोलीत जाऊन संगणकावरच्या मुलीकडून चिठ्ठी भरून घ्यायची, परत नाड्या बांधायच्या, तेवढ्यात सुपरवायझर घड्याळ दाखवणार. त्यात बरीच माणसं घोटी-इगतपुरीकडून गाडीने येणारी. पावसाचे चार महिने भाताच्या खाचरातून निघून थेट ड्यूटीवर. मोजे ओले, नाहीतर टाचेला फाटलेले. पांढऱ्या फरशीवर पावलं उमटली की ती मुलगी कपाळाला आठ्या घालायची. ती तरी काय करणार, पुसायचं तिलाच होतं. कोणी हे बोलून दाखवलं नाही. फाटक्या मोज्याची तक्रार कोण करतं? ते फक्त जायचे बंद झाले.

यांनी संगणक शेडमध्ये ठेवा म्हटलं, तर धूळ आडवी आली. चिठ्ठी मराठीत करा म्हटलं, तर तपासणी आडवी आली. मग निदान खडू परत सुरू करा म्हटलं, तर मोठे साहेब हसले म्हणे. वैद्य, संगणक तुम्हीच मागितलात आणि आता तुम्हीच पाटीपेन्सिल मागता? लेखी द्या. हे लेखी देत. इंग्रजी मी तपासून देई. सात-आठ अर्ज तरी मी स्वतः सुधारले असतील, पण त्या इंग्रजीत यांची घालमेल कुठेच उरायची नाही. सगळं वाचायला इतकं सुरळीत व्हायचं की वाचणाऱ्याला वाटावं, घाई नाही.

दरम्यान कामगारांनीच एक वाट काढली. वैद्य साहेबांच्या बाई इंग्रजी शिकवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमचं घर सातपूर कॉलनीतच. शनिवारी शिफ्ट सुटली की दोघं-तिघं चिठ्ठी घेऊन यायचे, मी भरून द्यायचे, सोमवारी ती बूट न काढता खोलीबाहेरच्या पेटीत टाकता यायची. नियमात हे बसत नव्हतं. यांना माहीत होतं, आणि ते मुद्दाम त्या वेळी भाजी आणायला बाहेर पडत. पण जेवायला बसलो की आज कोण आलं होतं, काय म्हणाला, हे विचारल्याशिवाय राहत नसत.

त्या शनिवारी हे सुटे भाग आणायला पुण्याला गेले होते, म्हणून रात्री विचारायलाही कोणी नव्हतं. मी टेबलावर सहामाहीच्या गुणपत्रिका पसरून बसले होते. रामदास आला. घोटीजवळच्या गावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दारातच उभा राहिला. म्हणाला, “बाई, प्रेस डबल मारती. एकदा पाय दाबला का कव्हातरी दोनदा येती खाली. रोज नाय. पन लय भ्या वाटतं.”

मी चिठ्ठी घेतली आणि विचारलं, यंत्राचा नंबर?

नंबर ठाऊक नाही म्हणाला. पत्र्याची तिसरी रांग, खिडकीकडची. मी म्हटलं, असं चालत नाही, नंबराशिवाय चिठ्ठी परत येईल, सोमवारी नंबर पाहून ये, मग लिहून देते. तो थोडा वेळ थांबला. त्याला अजून काही सांगायचं होतं बहुतेक. मी पुढची गुणपत्रिका उचलली. तो “बरं बाई,” म्हणून गेला. प्रेस डबल मारते म्हणजे काय होतं, हे मी त्याला विचारलं नाही. मला ते समजलं नव्हतं, आणि समजलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सोमवारी पहिल्या शिफ्टला त्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली. तयार झालेला भाग काढायला त्याने हात आत घातला आणि प्रेस दुसऱ्यांदा खाली आली.

अपघाताच्या धावपळीत हे सोमवारी आणि मंगळवारी घरी जवळजवळ नव्हतेच. मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं ठरवत होते, वाक्य जुळवत होते... बुधवारी त्यांच्याबरोबर मी इस्पितळात गेले. रामदासची बायको खाटेच्या पायाशी बसली होती. हे त्याच्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणाले की बाबा रे, एक शब्द तरी टाकायचास माझ्या कानावर. त्याच्या आवाजात राग नव्हता, आरोप नव्हता, जणू आठवण करून देत होता. “शनिवारी बाईंकडं आल्तो की, साहेब. नंबर पाहून ये म्हनल्या. सोमवारी बघाया गेलो तर पाटी हिरव्या रंगात बुजल्याली. किल्लीनं खरवडत होतो, तर सुपरवायझर वरडला, रंग का काढतोस म्हनून. मग लागलो कामाला.”

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “दोन दिवस झाले, सुमन. मला सांगितलं का नाहीस?” मी म्हटलं, घाबरले. ते म्हणाले, “तोही घाबरलाच होता.” आणि आत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात चौकशी लागली. संगणकात त्या प्रेसबद्दल एकही तक्रार नव्हती, म्हणजे बिघाड माहीत असून कामगाराने कळवला नाही, म्हणजे निष्काळजीपणा त्याचा. नोकरी जाणार हे उघड होतं. बोटं नसलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? मी यांना म्हटलं, मी येते, तो माझ्याकडे आला होता असं सांगते, लेखी देते. यांनी मान हलवली. तू कारखान्याची कोणीच नाहीस, तुला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही. खरं होतं ते. त्याला वाचवायचं तर त्याने कारखान्यातल्या कोणाला तरी सांगितलेलं असायला हवं होतं.

चौकशीत तुमच्या आजोबांनी सांगितलं की रामदासने शुक्रवारीच तक्रार त्यांच्याकडे तोंडी केली होती आणि ती नोंदवायची त्यांच्याकडून राहिली.

रामदासची नोकरी राहिली. त्याला फाटकावर बसवलं. यांना दुरुस्ती विभागातून काढून स्टेशनरीच्या भांडारात पाठवलं. माझ्याकडून यांनी एकच गोष्ट कबूल करून घेतली, रामदास निवृत्त होईपर्यंत यातला एक शब्दही घराबाहेर जाता कामा नये. खोटं उघडं पडलं तर पहिली गदा त्याच्यावर येईल. रामदास मागच्या महिन्यात निवृत्त झाला, त्याच्याच परवानगीने हे लिहिते आहे.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती अभिमानाने सांगितली असती. पण त्या खोटेपणाची दुसरी बाजू यांना नंतर दिसली, आणि तिने त्यांना खाल्लं. दोष एका माणसाचा ठरला होता. वैद्य विसरले. बस. मग चिठ्ठीत काही चूक नव्हती, काचेच्या खोलीत नव्हती, बूट काढण्यात नव्हती, बुजलेल्या पाटीत नव्हती. चौकशीच्या अहवालात शेवटी लिहिलं होतं की नोंदणीची पद्धत समाधानकारक आहे. हे भांडारातून अर्ज करत राहिले, संगणक शेडमध्ये ठेवा, चिठ्ठी मराठीत करा. आता कोणी लेखी द्या असंही म्हणत नव्हतं. ज्याने तक्रार नोंदवली नाही तोच तक्रारी नोंदवायच्या पद्धतीवर बोलतोय, यावर कँटीनमध्ये विनोद होत. एकदा त्यांच्या समोरच कोणीतरी विचारलं, साहेब, हे तरी लक्षात ठेवून लिहिलंत का? यांनी ते मला हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

दीड वर्षाने त्याच शेडमध्ये आणखी एकाचा हात गेला. त्याही दिवशी संगणकात तक्रार नव्हती. त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, चहा घेतला नाही. म्हणाले, “एक माणूस वाचवायला मी खोटं बोललो. खरं बोललो असतो तर कदाचित ती खोली पडली असती. मग हा दुसरा वाचला असता. कोणाला निवडलं मी, सांग.” रामदासला दोन मुली होत्या. दुसऱ्यालाही होत्या. मी त्यांना जवळ बसवायला हवं होतं. मी पोळी उलटली.

त्यानंतर ते अर्ज करायचे थांबले. बोलणंही कमी झालं. तुमच्या बाबाने तिकडून संगणक पाठवला, तुमचे फोटो बघायला म्हणून. त्यावर ते रोज धुळीचं फडकं फिरवत आणि पुन्हा झाकून ठेवत. फोटो मीच उघडून दाखवायचे. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या वाढवल्या, मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. एवढंच मला येत होतं.

निवृत्तीनंतर मात्र शनिवारी दुपारी ते घराबाहेर पडेनासे झाले. माणसं अजूनही यायची. चिठ्ठी तीच होती, चौदा रकान्यांची, खालच्या ओळीसकट. आता ती हे भरत, जेवणाच्या टेबलावर, खिडकीकडच्या खुर्चीत बसून. आधी माणसाला पाणी देत. मग काय होतंय ते त्याच्या शब्दांत एका कोऱ्या कागदावर मराठीत उतरवत, त्याला वाचून दाखवत, बरोबर आहे का विचारत. मग गप्प बसत. कितीतरी वेळ. माणूस चुळबुळ करायचा, पंख्याकडे बघायचा, आणि बहुधा तेव्हाच खरी गोष्ट सांगायचा. इंग्रजी सगळ्यात शेवटी. जो रकाना भरता येत नसे तिथे ते स्पष्ट अक्षरात ‘माहीत नाही’ असं मराठीतच लिहीत आणि खाली स्वतःची सही करत, त्या सहीला कारखान्यात काही अर्थ उरला नव्हता तरी. चिठ्ठ्या परत यायच्या. हे पुन्हा लिहायचे. मी एकदा म्हटलं, याचा उपयोग काय? त्यांनी पुढची चिठ्ठी ओढली. अखेरच्या शनिवारीही दोन चिठ्ठ्या लिहिल्या. मंगळवारी सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना पडले, आणि गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

काल शनिवार होता. साडेचारला बेल वाजली. पॅकिंग विभागातली एक बाई, पस्तिशीची असेल, हातात डब्याची पिशवी. हे गेल्याचं तिला माहीत नव्हतं. सांगितलं तर ओशाळली, परत निघाली. मी तिला आत घेतलं. ती पायरीवर चपला काढायला वाकली, मी नको म्हटलं. पाणी दिलं. यांच्या खुर्चीत बसले.

तिने पिशवीतून चिठ्ठी काढली. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरची जाळी ढिली झाली आहे, म्हणाली. ओढणी दोनदा ओढली गेली. यंत्राचा नंबर कुठे लिहिलेला नाही. मी मराठीत उतरवलं, वाचून दाखवलं. मग पेन खाली ठेवलं आणि थांबले. मला ते जमत नाही, मुलांनो. हात सारखा दुसऱ्या रकान्याकडे जात होता. तिने डब्याचं झाकण दाबलं, खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, “ओढणी नाय बाई. काल केस आत गेले होते. शेजारचीनं बंदचं बटन दाबलं म्हणून वाचले.”

मी तेही लिहिलं. नंबराच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहिलं. सही केली. तिला म्हटलं, सोमवारी त्या यंत्रावर उभी राहू नकोस. ती म्हणाली, उभं राहावंच लागतं. चिठ्ठी नीट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि बस चुकेल म्हणून पळाली. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहिलं.

आज रविवार आहे. उद्या सकाळी सातला पहिली शिफ्ट सुरू होते.